इंग्लंडमधील पॅरिश कौन्सिल : लहान कारभार, पक्की शिस्त

इंग्लंडमधील बहुतेक खेड्यांत बसथांब्याजवळ, गावच्या सभागृहाशेजारी किंवा चर्चच्या फाटकापाशी काचेचे दार असलेला एक सूचनाफलक आढळतो. त्यावर दर महिन्या-दोन महिन्यांनी एक टंकलिखित कागद लागतो. त्यात फारसे लक्षवेधी असे काही नसते. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, दफनभूमीच्या भिंतीची दुरुस्ती, मुलांच्या क्रीडांगणावरील झोपाळ्याची तपासणी, एका घराच्या वाढीव बांधकामाबाबत अभिप्राय, गवत कापणाऱ्या ठेकेदाराचे देयक, पुढील सभेची तारीख असे दहाबारा विषय क्रमाने लिहिलेले असतात. खाली सचिवाची स्वाक्षरी असते. हा कागद म्हणजे त्या गावच्या पॅरिश कौन्सिलच्या सभेची सूचना व विषयपत्रिका होय.

पॅरिश कौन्सिल ही इंग्लंडच्या स्थानिक स्वराज्याची सर्वांत खालची पायरी आहे. देशात अशा सुमारे १०,००० संस्था आहेत. त्यांपैकी काही मोठ्या गावांत त्या टाऊन कौन्सिल या नावाने ओळखल्या जातात. परंतु बहुसंख्य संस्था ग्रामीण भागातच आहेत. त्यांचे अधिकार मर्यादित आणि पैसा त्याहून बेताचा. शाळा, रुग्णालय, पोलीस, मोठे रस्ते यांपैकी काहीही त्यांच्या हाती नाही. असे असूनही शंभराहून अधिक वर्षे या संस्था टिकून आहेत. त्या कशाच्या बळावर टिकल्या, हे त्यांच्या दैनंदिन कारभाराकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. या लेखात त्या कारभाराचीच ओळख करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

चर्चच्या खोलीतून मतदारांच्या हाती

पॅरिश हा शब्द मूळचा धर्मव्यवस्थेतला. एका चर्चच्या व एका धर्मगुरूच्या कक्षेत येणारा प्रदेश म्हणजे पॅरिश. चर्चमध्ये धर्मगुरूंची वस्त्रे ठेवण्याच्या खोलीला व्हेस्ट्री म्हणत. गावातील प्रमुख मंडळी त्याच खोलीत जमत असल्याने त्यांच्या सभेलाही व्हेस्ट्री हेच नाव पडले. १५५५ च्या कायद्याने पॅरिशवर रस्ते राखण्याची जबाबदारी आली आणि गावकऱ्यांना त्यासाठी वर्षातून ठराविक दिवस विनामोबदला श्रम करावे लागू लागले. १६०१ च्या दारिद्र्यविषयक कायद्याने गोरगरिबांच्या पोषणाचा भार आणि त्यासाठी कर बसविण्याचा अधिकारही पॅरिशकडे आला.

ही व्यवस्था लोकांची होती असे मात्र म्हणता येणार नाही. व्हेस्ट्रीवर जमीनदार आणि धर्मगुरू यांचे वर्चस्व असे. १८१८ च्या कायद्याने तर मालमत्तेच्या प्रमाणात एका व्यक्तीला सहापर्यंत मते देण्याची मुभा होती. १८३४ मध्ये गरिबांच्या मदतीचे काम अनेक पॅरिशांच्या संघांकडे गेले आणि व्हेस्ट्रीचे महत्त्व ओसरू लागले.

१८९४ च्या स्थानिक शासन अधिनियमाने हे चित्र पालटले. गावचा नागरी कारभार चर्चपासून वेगळा करण्यात आला आणि ३०० वा त्याहून अधिक लोकवस्तीच्या ग्रामीण पॅरिशांत निवडून आलेली कौन्सिल स्थापन करण्याची तरतूद झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पहिल्या निवडणुका झाल्या. शेतमजुराला जमीनदाराच्या बरोबरीचे एक मत मिळाले. विवाहित असोत वा अविवाहित, स्त्रियांनाही कौन्सिलवर निवडून येण्याचा हक्क या अधिनियमाने दिला. पार्लमेंटच्या निवडणुकीत स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९१८ मध्ये, आणि तोही प्रथम मर्यादित स्वरूपात. हे लक्षात घेता गावपातळीवरील ही सुधारणा किती पुढची होती याची कल्पना येते.

आजच्या कारभाराचा मुख्य आधार १९७२ चा स्थानिक शासन अधिनियम हा होय. त्याची अंमलबजावणी १ एप्रिल १९७४ पासून सुरू झाली.

रचना आणि सदस्य

पॅरिश कौन्सिलवर किमान पाच सदस्य असतात. गावाच्या आकारमानानुसार ही संख्या वाढते. सर्वसाधारण निवडणूक दर चार वर्षांनी मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी होते. ग्रामीण भागात बहुतेक सदस्य राजकीय पक्षाच्या नावावर निवडणूक लढवीत नाहीत. अध्यक्षांची निवड सदस्य आपल्यातूनच करतात आणि ती दरवर्षी मे महिन्यातील वार्षिक सभेत नव्याने करावी लागते. अध्यक्षांची निवड हा त्या सभेचा पहिला विषय असतो.

सदस्यत्व हे बहुतांश गावांत बिनमोबदल्याचे काम आहे. निवृत्त शिक्षक, शेतकरी, दुकानदार, शेजारच्या शहरात नोकरीस जाणारी माणसे असे सर्व थरांतील लोक त्यात असतात. दिवसाचा व्यवसाय आटोपून सायंकाळी सात-साडेसातला ही मंडळी सभेसाठी जमतात. सलग सहा महिने सभांना अनुपस्थित राहणाऱ्या सदस्याची गैरहजेरी कौन्सिलने त्या मुदतीत मंजूर केलेली नसेल, तर त्याचे पद आपोआप रिक्त होते.

प्रत्येक सदस्याला आपल्या आर्थिक हितसंबंधांची नोंद निवडीनंतर २८ दिवसांच्या आत करावी लागते. स्वतःची जमीन, नोकरी, कौन्सिलशी असलेला ठेका या सर्वांचा त्यात समावेश होतो. अशा हितसंबंधाशी निगडित विषय सभेपुढे आला, तर त्या सदस्याला चर्चेत व मतदानात भाग घेता येत नाही. २०११ च्या लोकॅलिझम अधिनियमानुसार वाजवी कारणाशिवाय या नियमाचा भंग करणे हा फौजदारी गुन्हा ठरतो. खेड्यात प्रत्येकाचे प्रत्येकाशी काही ना काही नाते असते. नाते असू नये असे कायदा म्हणत नाही. ते आधी सांगून टाका, एवढेच तो म्हणतो.

सूचनेविना सभा नाही, विषयाविना ठराव नाही

पॅरिश कौन्सिलच्या कारभाराचा कणा कोणता, असे विचारले तर सभेची सूचना हेच उत्तर द्यावे लागेल. सभेपूर्वी किमान तीन पूर्ण दिवस आधी सभेचे स्थळ व वेळ दर्शविणारी सूचना गावातील ठळक ठिकाणी लावली गेली पाहिजे आणि विषयपत्रिका प्रत्येक सदस्याकडे पोहोचली पाहिजे. हे दिवस मोजताना सूचना लावल्याचा दिवस, सभेचा दिवस, रविवार आणि सार्वजनिक सुट्या वगळतात. सभा गुरुवारी असेल तर सोमवार, मंगळवार व बुधवार हे तीन दिवस मोकळे मिळावे लागतात. म्हणजे सूचना त्यापूर्वीच लागलेली असली पाहिजे.

विषयपत्रिकेत ज्याचा उल्लेख नाही अशा बाबीवर कौन्सिलला कायदेशीर ठराव करता येत नाही. आयत्या वेळचे विषय या नावाखाली खर्च मंजूर करण्याची सोय तेथे नाही. एखाद्या सदस्याने सभेतच नवी मागणी केली, तर ती नोंदवून पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घेतली जाते. यामुळे काम महिनाभर लांबते हे खरे. पण ज्या शेजाऱ्याच्या कुंपणालगत ते काम व्हायचे आहे, त्याला ते होण्यापूर्वी कळते. विलंबाची ही किंमत नियमाने जाणूनबुजून पत्करली आहे.

गणपूर्तीसाठी एकूण सदस्यांच्या एक तृतीयांश, मात्र तीनहून कमी नाहीत, इतके सदस्य हजर लागतात. मतदान हात उंचावून होते. समसमान मते पडल्यास अध्यक्षांना निर्णायक मत असते. कोणत्याही सदस्याने मागणी केल्यास कोणी कोणत्या बाजूने मत दिले याची नावनिशीवार नोंद करावी लागते. इतिवृत्त पुढील सभेत वाचून कायम होते व त्यावर सभाध्यक्षांची स्वाक्षरी होते. ते सुट्या पानांवर लिहिलेले असेल तर पानांना अनुक्रमांक घालून प्रत्येक पानावर आद्याक्षरी करावी लागते. पान बदलता येऊ नये यासाठी ही काळजी आहे.

सभेला गावातील कोणीही, किंबहुना गावाबाहेरचाही कोणी, उपस्थित राहू शकतो. हा हक्क १९६० च्या सार्वजनिक संस्थांच्या सभाप्रवेशविषयक अधिनियमाने मिळाला. हे विधेयक पार्लमेंटमध्ये मांडले होते मार्गारेट थॅचर यांनी. त्या वेळी त्या नवख्या सदस्या होत्या आणि सभागृहातील त्यांचे पहिले भाषण याच विधेयकावर झाले. २०१४ पासून सभेचे चित्रीकरण करण्याचीही मुभा आहे. सभा पाहण्याचा हक्क असा कायद्याने दिलेला असला, तरी सभेत बोलण्याची संधी कौन्सिल आपल्या स्थायी आदेशांनुसार देते. पुष्कळ ठिकाणी सभेच्या आरंभी नागरिकांसाठी ठराविक मिनिटे राखून ठेवतात. त्यानंतर मात्र चर्चा सदस्यांनीच करावयाची असते.

सभेच्या जागेबद्दलही एक वैशिष्ट्यपूर्ण तरतूद आहे. दुसरी योग्य जागा विनामूल्य अथवा वाजवी भाड्याने मिळत असेल, तर मद्यविक्री चालू असलेल्या जागेत सभा घेता येत नाही. खेड्यातील मद्यगृह हेच अनेकदा गावाच्या उठण्याबसण्याचे ठिकाण असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या नियमामागील विचार उमगतो.

याखेरीज वर्षातून एकदा, १ मार्च ते १ जून या काळात, पॅरिशच्या सर्व मतदारांची सभा भरते. ती कौन्सिलची सभा नव्हे. तेथे प्रत्येक मतदाराला बोलण्याचा व मत देण्याचा अधिकार असतो. आपल्या ग्रामसभेशी तिचे साम्य आहे. अध्यक्षांनी ती बोलावली नाही तर कौन्सिलचे कोणतेही दोन सदस्य किंवा पॅरिशमधील सहा मतदार ती बोलावू शकतात. अतिशय लहान पॅरिशांत कौन्सिलच नसते. तेथे मतदारांची ही सभाच वर्षातून किमान दोनदा भरून गावचे काम पाहते.

सचिव : कौन्सिलचा नोकर, अध्यक्षांचा नव्हे

या सर्व व्यवस्थेचा भार ज्याच्यावर असतो त्या व्यक्तीला क्लार्क म्हणतात. शब्दावरून कारकुनाचा समज होण्याचा संभव आहे, परंतु हे पद वस्तुतः सचिवाचे आहे. लहान गावात तो किंवा ती कौन्सिलची एकमेव कर्मचारी असते आणि आठवड्यातून काही ठराविक तासच काम करते. कार्यालय म्हणजे बहुधा स्वतःच्या घरातील एक टेबल व कपाट. काही वेळा एकच व्यक्ती दोन-तीन गावांचे काम पाहते.

आपल्याकडे ग्रामपंचायतीचा सचिव जिल्हा परिषदेचा कर्मचारी असतो. इंग्लंडमध्ये त्याची नेमणूक खुद्द पॅरिश कौन्सिल करते व वेतनही तीच देते. तरीही कोणा एका सदस्याला, अगदी अध्यक्षांनाही, त्याला व्यक्तिशः आज्ञा देता येत नाही. त्याला बांधील असतो तो सभेत झालेला ठराव. ठराव कायद्याला सोडून होत असेल तर तसे सभेत सांगणे हे त्याचे कर्तव्य मानले जाते. सदस्याला सवेतन सचिव म्हणून नेमता येत नाही. सदस्यत्व सोडल्यानंतरही बारा महिने ही मनाई लागू असते. बहुधा सचिवच वित्त अधिकारी म्हणूनही जबाबदार असतो. या कामासाठी स्वतंत्र पात्रता परीक्षा उपलब्ध असून १९७२ साली स्थापन झालेली सचिवांची व्यावसायिक संस्थाही आहे.

कौन्सिल काय करते आणि काय करू शकत नाही

पॅरिश कौन्सिलची कामे निरनिराळ्या कायद्यांतून तिच्याकडे आली आहेत. भाजीपाला पिकविण्यासाठी गावकऱ्यांना जमिनीचे लहान तुकडे भाड्याने देणे हे त्यांतील एक जुने काम. १९०८ च्या अधिनियमानुसार सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केल्यास कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. परंपरेने असा तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा असतो. १९२३ च्या अधिनियमानुसार युद्धस्मारकांची देखभाल करता येते. १९५७ च्या अधिनियमाने पदपथांवरील दिवे, बाके, बसथांब्याचे निवारे आणि सार्वजनिक घड्याळे यांवर खर्च करण्याची मुभा मिळाली. गावचे मोकळे माळ, क्रीडांगणे, दफनभूमी, शेतांतून जाणाऱ्या पायवाटा, गावचे सभागृह ही तिच्या नित्याच्या कामांतील आणखी काही. दफनभूमीतील जुने शिलालेखाचे दगड ढिले झाले आहेत काय, झाडाची वाळलेली फांदी रस्त्यावर पडण्याचा संभव आहे काय, याची नियमित पाहणी करून तिची लेखी नोंद ठेवावी लागते. अपघात झाला तर प्रथम मागितली जाते ती हीच नोंद.

काळानुसार कामे बदलतातही. भ्रमणध्वनी आल्यावर खेड्यांतील लाल रंगाच्या टेलिफोन खोक्या निरुपयोगी झाल्या. २००८ पासून दूरध्वनी कंपनीने त्या एका पौंडात स्थानिक संस्थांना देण्याची योजना सुरू केली. अनेक गावांनी त्या घेऊन तेथे पुस्तकांची देवघेव सुरू केली, तर काहींनी हृदयविकाराच्या झटक्यात उपयोगी पडणारे विद्युत उपकरण त्यांत बसविले.

घरबांधणीच्या परवानगीबाबत कौन्सिलचे मत विचारले जाते, पण निर्णय वरच्या संस्थेचा असतो. हे अभिप्राय देण्यासाठी साधारणपणे २१ दिवस मिळतात. 'गावाचा विरोध आहे' एवढे लिहून भागत नाही. रस्ता अरुंद आहे, पाण्याचा निचरा होणार नाही, शेजारच्या घरावर सावली पडते अशी नियोजनाच्या कक्षेत बसणारी कारणे द्यावी लागतात. २०११ च्या अधिनियमाने गावाला स्वतःचा विकास आराखडा करून तो सार्वमताने मंजूर करून घेण्याचा मार्ग खुला केला. कम्ब्रिया परगण्यातील अप्पर ईडन भागात २०१३ मध्ये असे पहिले सार्वमत झाले. ज्या भागात नव्या बांधकामावर पायाभूत सुविधांसाठी आकार घेतला जातो, तेथे त्यातील १५ टक्के वाटा पॅरिश कौन्सिलला मिळतो. मात्र त्याला प्रत्येक विद्यमान घरामागे कमाल मर्यादा आहे. मंजूर आराखडा असेल तर वाटा २५ टक्के होतो आणि ती मर्यादाही राहत नाही.

रस्त्यावरील खड्डे आणि कचरा उचलण्याचे काम मात्र वरच्या संस्थांकडे असते. गावकरी ते जाणत नसल्याने तक्रार घेऊन येतात पॅरिश कौन्सिलकडेच. त्यामुळे पत्र लिहिणे, पाठपुरावा करणे आणि उत्तर गावाला कळविणे यात सचिवाचा बराच वेळ जातो. अधिकार नसलेल्या कामातही गावाचा शब्द योग्य ठिकाणी पोहोचविणे हे कौन्सिलचे मोठे काम म्हटले पाहिजे. २०२३ च्या एप्रिलमध्ये सॉमरसेट, नॉर्थ यॉर्कशायर आणि कम्ब्रिया येथील जिल्हा पातळीवरील संस्था रद्द होऊन मोठ्या एकस्तरीय संस्था आल्या. वरचे कार्यालय असे दूर गेल्यावर या कामाचे मोल वाढले.

शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांवर बसविलेला कर

पॅरिश कौन्सिलला मध्यवर्ती शासनाकडून सर्वसाधारण अनुदान मिळत नाही. आपल्या ग्रामपंचायतींना वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार निधी येतो, तसे तेथे नाही. भाडे, दफनशुल्क अशा किरकोळ उत्पन्नाव्यतिरिक्त तिचा मुख्य आधार म्हणजे प्रिसेप्ट. कौन्सिल हिवाळ्यात पुढील वर्षाचे अंदाजपत्रक करते आणि लागणारी रक्कम ठरवून १ मार्चपूर्वी वरच्या कर वसूल करणाऱ्या संस्थेला कळवते. ती संस्था ही रक्कम गावातील घरांच्या कौन्सिल टॅक्समध्ये मिळवून वसूल करते व कौन्सिलला देते. पॅरिशचा वाटा करबिलावर स्वतंत्र ओळीत दाखविलेला असतो.

उदाहरणादाखल एक गाव कल्पू. करआकारणीच्या दृष्टीने तेथे मधल्या, म्हणजे 'डी' श्रेणीच्या, ४०० घरांइतका पाया आहे. वर्षाचा खर्च २२,००० पौंड आणि किरकोळ उत्पन्न २,००० पौंड धरले, तर प्रिसेप्ट २०,००० पौंडांचा होईल आणि 'डी' श्रेणीच्या घराला वर्षाला ५० पौंड पडतील. सर्वांत खालच्या 'ए' श्रेणीला त्याच्या दोन तृतीयांश, तर सर्वांत वरच्या 'एच' श्रेणीला दुप्पट. आता कोणी ४,००० पौंडांचा बसथांबा बांधण्याची सूचना मांडली, तर त्या वर्षी 'डी' श्रेणीच्या प्रत्येक घराला आणखी १० पौंड द्यावे लागतील. हा हिशेब सभेतल्या प्रत्येकाला तोंडी करता येतो. मत देणाऱ्या सदस्याला तो कर स्वतःलाही भरावयाचा असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात भेटणाऱ्या शेजाऱ्याला उत्तरही द्यावयाचे असते. बसथांबा हवा की नको याची चर्चा त्यामुळे आपोआप नेमकी होते.

खर्चालाही कायद्याचा आधार लागतो. ज्या कामासाठी विशिष्ट अधिकार नाही त्यावर दर मतदारामागे ठरलेल्या मर्यादेतच खर्च करता येतो. २०२४-२५ या वर्षी ही मर्यादा १०.८१ पौंड होती. ज्या कौन्सिलचे किमान दोन तृतीयांश सदस्य निवडणुकीच्या मार्गाने आलेले आहेत आणि जिचा सचिव विहित पात्रतेचा आहे, तिला २०११ च्या अधिनियमाखाली अधिक व्यापक अधिकार घेता येतात. लोकांनी निवडलेले सदस्य आणि प्रशिक्षित सचिव यांना अधिकाराची पूर्वअट करणारी ही तरतूद विचार करण्याजोगी आहे.

हिशेब कोणालाही पाहता येतो

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. प्रथम कौन्सिलबाहेरील अंतर्गत लेखापरीक्षक हिशेब तपासतो. त्यानंतर कौन्सिल वार्षिक विवरणपत्र जाहीर सभेत मंजूर करते. मग ३० कामकाजाचे दिवस हिशेबाची वहीखाती, देयके व पावत्या पाहणीसाठी खुल्या राहतात. जुलै महिन्यातील पहिले दहा कामकाजाचे दिवस या मुदतीत आलेच पाहिजेत, असा नियम आहे. कोणत्याही मतदाराला हिशेबाबाबत बाह्य लेखापरीक्षकाला प्रश्न विचारता येतात आणि एखादा खर्च बेकायदेशीर वाटल्यास लेखी हरकत घेता येते. लेखापरीक्षकाला आवश्यक वाटल्यास तो न्यायालयात दाद मागू शकतो किंवा जाहीर अहवाल प्रसिद्ध करू शकतो.

ज्यांचे वार्षिक उत्पन्न व खर्च २५,००० पौंडांच्या आत आहे त्या कौन्सिलना बाह्य तपासणीतून सूट घेता येते. मात्र त्याबदल्यात १०० पौंडांवरील प्रत्येक खर्चाची बाब त्यांना जाहीर करावी लागते. तपासणी कमी केली, तर उघडेपणा वाढवावा असे हे तत्त्व आहे. पूर्वी प्रत्येक धनादेशावर दोन सदस्यांच्या स्वाक्षऱ्या लागत. २०१४ मध्ये ही सक्ती काढण्यात आली. पण पैसे देण्यापूर्वी दुसऱ्या कोणी ते तपासावे ही पद्धत संस्थांनी आपल्या वित्तीय नियमांत कायम ठेवली.

उणिवा

या व्यवस्थेत सर्व काही आलबेल आहे असे मानणे चूक ठरेल. सर्वांत मोठी अडचण उमेदवारांची. पुष्कळ गावांत जागांइतकेही अर्ज येत नाहीत आणि आलेले उमेदवार बिनविरोध निवडले जातात. उरलेल्या जागा सदस्य स्वतःच स्वीकृत सदस्य घेऊन भरतात. मुदतीच्या मध्ये जागा रिकामी झाल्यास दहा मतदारांच्या मागणीवरून पोटनिवडणूक घेता येते. परंतु ती मागणी अनेकदा येतच नाही. ज्या शेतमजुराच्या मतासाठी १८९४ चा अधिनियम झाला, त्याच्या पणतवंडाला कित्येक वेळा मतपत्रिका मिळतच नाही. सूचनाफलक निर्दोष आणि सभागृहातील प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या, असेही चित्र दिसते.

दुसरी अडचण आपसांतील वितुष्टाची. साथीच्या काळात २०२० मध्ये दूरदृश्य पद्धतीने सभा घेण्यास तात्पुरती परवानगी मिळाली होती. ती मे २०२१ मध्ये संपली. या काळात, डिसेंबर २०२० मध्ये, चेशायर परगण्यातील हँडफोर्थ येथील सभेत सदस्यांमध्ये कडाक्याचे वाद झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या सभेचे चित्रीकरण देशभर पाहिले गेले. लोक हसले, पण सभेची अधिकृतता कोणाची, सचिवाचे स्थान काय, अध्यक्षांची मर्यादा कोणती या प्रश्नांची चर्चाही त्यानिमित्ताने घरोघरी झाली. २०११ च्या अधिनियमाने गैरवर्तन करणाऱ्या सदस्याला निलंबित करण्याची पूर्वीची तरतूद काढून टाकली होती. त्यामुळे अशा प्रसंगी नियम अपुरे पडतात ही तक्रार सचिवांच्या व सदस्यांच्या संघटनांनी वारंवार केली. नियमांच्या जोडीला परस्परांविषयीचा किमान आदर नसेल, तर स्थायी आदेशांचे पुस्तक उपयोगी पडत नाही, हे यातून दिसून आले.

आपल्या दृष्टीने

आपली ग्रामपंचायत आणि पॅरिश कौन्सिल यांची सरसकट तुलना करता येणार नाही. मुंबई इलाख्यात १९२० च्या अधिनियमाने ग्रामपंचायती आल्या. राज्यातील आजच्या पंचायतींचा पाया १९५८ चा अधिनियम असून २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने त्यांना संविधानाचे संरक्षण दिले. पॅरिश कौन्सिलला असे संरक्षण नाही. ती पार्लमेंटच्या कायद्यावर उभी आहे. स्त्रियांसाठी व मागास घटकांसाठी राखीव जागाही तेथे नाहीत. पाणीपुरवठा, आरोग्य आणि विकासयोजना यांचा जो भार आपल्या पंचायती वाहतात, तो पॅरिश कौन्सिलच्या कल्पनेतही नाही. कामाच्या व्याप्तीत आपली संस्था कितीतरी मोठी आहे.

तरीही काही गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत, आणि त्यांपैकी एकीलाही पैसा लागत नाही. सभेची विषयपत्रिका वाचता येईल अशा जागी वेळेवर लागावी. जो विषय तिच्यात नाही त्यावर निर्णय होऊ नये. ज्या सदस्याचा विषयात हितसंबंध आहे त्याने तो आपण होऊन सांगावा आणि बाजूला व्हावे. वर्षाचा हिशेब ठराविक दिवस खुला राहील हे गावाला आधी कळावे आणि पाहायला येणाऱ्या माणसाला खुर्ची दिली जावी. यांपैकी बऱ्याच गोष्टी आपल्याही कायद्यात व नियमांत आहेत. इंग्लंडच्या खेड्यात त्या सवयीच्या झाल्या आहेत, एवढाच फरक.

या कामी शिक्षकांना मोठा वाटा उचलता येईल. नागरिकशास्त्राच्या तासाला ग्रामपंचायतीची रचना आपण शिकवितो. त्याच वेळी मुलांना पंचायतीच्या फलकापाशी नेऊन विषयपत्रिका वाचायला लावली, तर रिकाम्या खुर्च्यांचा जो प्रश्न इंग्लंडला आज भेडसावीत आहे तो आपल्या गावी निर्माण होण्यापूर्वीच त्यावर थोडेफार काम झालेले असेल.